झालरी लावलेली एसटी

दहा-बारा वर्षांपूर्वी मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक कॉटेज सजवलं. कॉटेज म्हणजे एसटीची जुनी बस. आता हे मी असं सरळ लिहून मोकळी होते, पण त्या वेळी एवढंच एक वाक्य नणंदेला सांगायची माझी छाती झाली नाही आणि पुढचा सगळा तमाशा त्यातून झाला.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड. नातवंडं विचारतात, "आजी, तू तरुणपणी कशी होतीस?" तेव्हा मी त्यांना कॉलेजातले किस्से सांगत नाही, या छप्पन्न वर्षांच्या बाईचे सांगते. बाई मोठी गंमतीची होती. सुनेने फोनवर पाठवलेली चार चित्रं बघून तिला वाटायला लागलं होतं की आपण मूळच्या कुठल्यातरी थंड देशातल्या आहोत आणि चुकून महाडला दिल्या गेलोय.

झालं असं की, सासऱ्यांची एक वरकस जमीन होती. भात होत नाही, नाचणीही रडत-रडत येते, अशी उताराची दगडाळ जागा. खाली विहीर, वर काजूची सात झाडं. सातबाऱ्यावर नावं दोन, ह्यांचं आणि ह्यांच्या थोरल्या बहिणीचं. ह्यांनी उभी नोकरी एमआयडीसीत फिटर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर दर रविवारी स्कूटर काढून ते वर जायचे, काजूखाली बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. काय केलंत म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बसलो होतो."

एके दिवशी डोंबिवलीहून वन्संचा फोन आला. "तो तुकडा विकून टाकू या. गिऱ्हाईक आलंय. आणि ठेवायचा तरी कशाला? मी आले तर तिथे टेकायचं कुठे, दगडावर?"

हे "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी ह्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही. माझ्या नवऱ्याचा आक्रोश तो एवढाच असतो. तो ओळखायला मला पंधरा वर्षं लागली होती. मग मी आपणहून वन्संना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"वन्सं, विकायचं कशाला? आम्ही तिथे छोटंसं कॉटेज करतोय."

"कॉटेज? कधीपासून?"

"चाललंय की!"

"बरं. मग गणपतीच्या आधी येऊन बघते. राहण्यासारखं असलं तर राहू दे. नसलं तर मी कागद घेऊनच येतेय, तिथेच सह्या करू."

फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे बघत राहिले. "कुठलं कॉटेज?"

"ते आता तुम्ही शोधा," मी म्हटलं.

शोधलं ते ह्यांनीच. महाडला भंगारवाले चाचा होते, ह्यांच्या नोकरीतल्या दिवसांपासूनचे ओळखीचे. त्यांच्या आवारात एक जुनी एसटी उभी होती. इंजिन काढलेलं, चाकं गेलेली, पण सांगाडा ठणठणीत. चाचांनी तिच्या पत्र्यावर थाप मारली. "भाभी, हिने उमर सारी घाट चढण्यात घालवली. आता तिला वर नेऊन बसवा. मला कापायला जिवावर आलंय."

मी तर हरखलेच. मनात आलं, लांबट खोली आहे, दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या, अजून काय पाहिजे? तेव्हा बांधकाम, परवानग्या, गवंडी यांतलं आम्हाला काहीच झेपणारं नव्हतं. ही आयती होती.

बस वरच्या काजूंपर्यंत न्यायची असं ठरलं होतं. ट्रेलरवाला वाडीच्या फाट्यापर्यंत आला आणि थांबला. "मावशी, पुढचं वळण नाय बसत. इथं उतरवतो, नायतर परत नेतो." इथं म्हणजे आमच्या जमिनीच्या अगदी खालच्या टोकाला, डांबरी रस्त्यापासून चार पावलांवर, जिथे वाडीची माणसं महाडच्या गाडीची वाट बघत उभी राहतात बरोब्बर तिथे. क्रेनने बस उचलून दगडांच्या चौथऱ्यावर ठेवली. हे लांब गेले, कमरेवर हात ठेवून बघून आले आणि म्हणाले, "अगं, स्टॉपवर गाडी लागल्यासारखीच दिसतेय."

"पांढरा रंग दिला की कोण ओळखतंय?" ती छप्पन्न वर्षांची बाई म्हणाली. मी तिला अजून माफ केलेलं नाही.

आता रंगाचं ऐका. महाडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. मालकाने विचारलं, "काय रंगवायचंय?" बस म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "भिंत." "केवढी?" मी बसची लांबी-उंची सांगितली. त्याने भिंतीचा रंग दिला. पाण्यात कालवायचा, मस्त पांढराशुभ्र डिस्टेंपर. मी स्वतः शिडीवर चढून तीन दिवस लावला. सुकल्यावर बस अशी दिसायला लागली की मला माझाच हेवा वाटला.

हे फिटर. पत्र्याला डिस्टेंपर टिकत नाही हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पुढे सगळा घोळ झाल्यावर मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू शिडीवर होतीस. हातात ब्रश होता. आणि मी खाली उभा होतो."

आतली सजावट हा तर स्वतंत्र विषय आहे. चित्रांतल्या कॉटेजमध्ये फुलाफुलांच्या कापडाच्या झालरी होत्या, म्हणून मी महाडच्या बाजारातून एक अख्खा तागा आणला आणि दिसेल त्याला झालर लावली. खिडक्यांना, उशांना, स्टोव्हच्या फळीला. ड्रायव्हरचं स्टिअरिंग तसंच होतं, त्याला झालरीची टोपी घातली. लग्नाआधी विणलेले क्रोशाचे रुमाल ट्रंकेत पडून होते, ते काढून गियरच्या दांड्यावर, सामानाच्या फळीवर, कंडक्टरच्या घंटीच्या दोरीवर लटकवले. त्या दोरीला सुकलेल्या फुलांच्या जुड्याही बांधल्या. वारा आला की दोरी ओढली जायची आणि पुढे टण वाजायचं. हे आत बोल्ट काढत असायचे; टण वाजलं की सवयीने हात थांबवायचे.

बाकं सगळी काढायची होती. पण मागची तीन बाकं निघेनात. हे पाने घेऊन दोन दिवस झटले, घाम पुसत म्हणाले, "गंजलेत. नाही निघत." मग त्यांनाही झालरीच्या खोळी शिवल्या. भर मेमध्ये, पोलादपूरच्या त्या उकाड्यात, पत्र्याच्या बसमध्ये बसून ही बाई झालरी शिवत होती आणि गाल पुसायला शेवटी तिने तीच झालर वापरली.

पण कळस म्हणजे शेकोटी. चित्रातल्या प्रत्येक कॉटेजला भिंतीत विटांची शेकोटी होती. मग मला नको? कूलर आला होता त्याचा मोठा पुठ्ठा घेतला, त्यावर लाल विटा रंगवल्या, आत लाकडाचे चार ओंडके आणि नारिंगी दिव्यांची माळ ठेवली आणि ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या उंचवट्यावर ते बसवलं.

हे बघत उभे राहिले. "बॉयलर आहे का?"

"शेकोटी आहे. उबदार वाटतं."

"वाटतंय," हे म्हणाले आणि बनियन काढून बाहेर जाऊन बसले.

त्या शेकोटीचा, वेताच्या खुर्चीचा आणि एका झालरवाल्या उशीचा असा एक कोपरा पकडून फोटो काढला आणि वन्संना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान दिसतंय. पण एवढं अरुंद का?"

"कॉटेज असंच असतं, वन्सं," मी कळवलं.

मग पाऊस लागला. जून ते श्रावण आम्ही महाडात घरीच. सावित्रीचं पाणी कुठवर आलं ते बघण्यातच ते दिवस जातात. दरडीच्या रस्त्याने वर कोण मरायला जातंय? कॉटेज आहे आपलं, सुखात आहे, असं समजून मी बसले. दाराला कुलूप नव्हतं, कारण एसटीच्या दाराला बाहेरून नुसता खटका असतो. पण मनात म्हटलं, झालरी कोण चोरणार?

वन्संचा यायचा दिवस ठरला. सकाळी ह्यांनी मला स्कूटरवरून फाट्यावर सोडलं आणि ते वन्संना आणायला पोलादपूर स्टँडवर गेले. पाऊस होताच. मी छत्री उघडली, वर बघितलं, आणि छत्री तशीच खाली आली.

बस लाल झाली होती. माझा तीन दिवसांचा पांढरा रंग धुऊन उतारावरून केव्हाच विहिरीकडे गेला होता. पन्हाळीखाली नि खिडक्यांच्या कडांना तेवढा थोडा राहिलेला, दाढी करताना मध्येच कोणी हाक मारली तर साबण राहावा तसा.

आणि बस भरलेली होती.

आत सात-आठ माणसं बसलेली. पिशव्या, केळीचा घड, एक टोपलीतली कोंबडी. मागच्या तीन बाकांवर माझ्या झालरींच्या खोळी आणि त्यांच्यावर रुमाल. कुणाचा चौकड्याचा, कुणाचा नुसताच टॉवेल. पुढच्या वेताच्या खुर्चीत वाडीतली एक म्हातारी बसली होती, आम्ही बस उतरवली तेव्हा क्रेन बघायला आली होती तीच.

"ये गो, ये," ती मला म्हणाली. माझ्याच कॉटेजमध्ये. "भिजू नको."

"आजी, हे आमचं घर आहे!"

"म्हायती हाय. पन कुलूप नव्हतं, नि फाट्यावर दुसरा आडोसा हाय कुठं? आमी रोज झाडतो हां. ती तुजी पुठ्ठ्याची चूल पानी पिऊन ही एवढी फुगली, म्हून बाहेर टाकली. दिवं ठेवलंत काढून."

"आणि हे रुमाल कसले?"

"जागा धरलीया."

"अहो पण ही गाडी कुठे जाणार नाही! चाकंसुद्धा नाहीत हिला!"

"म्हून काय झालं?" म्हातारीला माझी कीव आली. "बसायचं तर हाय ना? रुमाल नाय टाकला तर दुसरा येऊन बसंल. काल माझी खिडकी गेली अशीच."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांची महाडची गाडी यायला अजून अवकाश होता, आणि एवढ्या पावसात माणसांना बाहेर काढायचं माझ्या जिवावर आलं. मग त्या छप्पन्न वर्षांच्या हुशार बाईने काय करावं? तिने पिशवीतून दोन डबलबेडच्या पांढऱ्या चादरी काढल्या. वन्संना अंथरायला आणलेल्या. त्या बाहेरून बसवर टांगल्या की निदान लांबून तरी पांढरं दिसेल असा तिचा बेत. स्वयंपाकाचा झालरवाला ॲप्रन घातला, शिडी लावली आणि पावसात, तोंडात दोन चिमटे धरून, एसटीला चादर नेसवायला चढली. आतून प्रवासी सूचना करत होते. "ताई, डावीकडं! आनखी डावीकडं!"

एक चादर लागली. दुसरीचं टोक पकडलं तेवढ्यात खाली टमटम थांबली. मला वाटलं वाडीचं कोणी असेल. मी मान वळवली नाही. मागून घाईघाईने पावलं आली, चपला चिखलात वाजल्या, आणि माझ्या गुडघ्याजवळून काहीतरी निळं सटकन उडत मागच्या खिडकीतून आत गेलं. असा नेम मी आयुष्यात पाहिला नाही. निळ्या किनारीचा रुमाल बरोबर शेवटच्या बाकावर पडला.

"अहो बाई," खालून आवाज आला, "ही गाडी सुटते कधी?"

मी वळले. तोंडात चिमटे. खाली वन्सं, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात उलटी झालेली छत्री.

"तू?" वन्सं म्हणाल्या.

"हूं," मी चिमट्यांतून म्हटलं.

डोंबिवलीहून त्या खाजगी गाडीने आल्या होत्या. गाडीने त्यांना स्टँडच्या अलीकडे हायवेवर सोडलं, आणि त्या वाट न बघता टमटम करून सरळ फाट्यावर आल्या. हे तिकडे स्टँडवर उभे. पावसात फाट्यावर लाल एसटी लागलेली दिसली, आत माणसं दिसली, आणि भाऊ येईपर्यंत बसावं म्हणून त्यांनी अंगवळणी पडलं होतं ते केलं. धावल्या आणि रुमाल टाकला.

आत आल्यावर त्यांनी इंजिनच्या उंचवट्यावर टेकून डोकं पुसलं. "कॉटेज कुठाय?"

 म्हातारीच म्हणाली, "ह्येच गो. बसलीस की त्याच्यातच."

वन्संनी हळूहळू नजर फिरवली. स्टिअरिंगची टोपी. गियरवरचा क्रोशा. नेमका वारा आला आणि टण वाजलं.

"ही बस आहे," वन्सं म्हणाल्या.

"हो, वन्सं."

"तू मला फोटो पाठवला होतास."

"हो, वन्सं."

"म्हणून तो अरुंद होता."

मी गियरवरचा क्रोशा सारखा केला. तेवढ्यात हे आले, चिंब भिजलेले. वन्संनी बॅगेतून प्लास्टिकची फाईल काढली. ह्यांच्या तोंडावरचा रंग माझ्या डिस्टेंपरपेक्षा लवकर उतरला. सात-आठ माणसं आणि एक कोंबडी आमच्या घरचा वाद ऐकायला सरसावून बसली.

"अरे, मी नीट विचार केलाय," वन्सं सांगायला लागल्या. "खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. असल्या भंगारात कुणी राहतं का? त्यापेक्षा सह्या करू आणि..."

तोवर आणखी एक प्रवासी चढला, मोठं पोतं घेऊन. त्याने पोतं ठेवलं, मागे गेला आणि शेवटच्या बाकावरचा निळा रुमाल दोन बोटांनी उचलला. "कोनाचा हाय रं हा?"

"ए! माझा आहे!" वन्सं फाईलसकट उभ्या राहिल्या. "ठेव तो खाली! मी टाकलाय!"

"बसलाव नाय मी अजून," तो घाबरून म्हणाला.

"बसायचंही नाही! खिडकी धरलीय मी ती!"

वन्सं तरातरा मागे गेल्या, रुमाल झटकला आणि तिथे बसल्या.  म्हातारी खुर्चीतून वळली. फाट्यावरचा कायदा तिच्याकडे होता.

"टाकलास ना रुमाल?"

"हो, टाकला."

"धा मान्सांनी बगितला. मंग आता इकतेस कशी?"

 वन्सं खिडकीबाहेर बघायला लागल्या.  मग ह्यांना म्हणाल्या, "अरे, इथून आपली विहीर दिसते."

"दिसते," हे म्हणाले. "त्याच खिडकीतून दिसते. म्हणून ती बाकं काढली नाहीत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर कारखान्यात बोल्ट सोडवलेला माणूस, दोन दिवस पाने घेऊन घाम गाळत होता आणि मी त्याला सरबत करून देत होते!

"गंजलेत म्हणाला होतात," मी म्हटलं.

"थोडे गंजलेत," हे म्हणाले.

वन्संना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी तो निळा रुमालच तोंडाला लावला. तेवढ्यात खरी महाडची गाडी आली. एका मिनिटात माझं कॉटेज रिकामं झालं. पोतं गेलं, केळी गेली, कोंबडी गेली. खिडक्यांतून हात बाहेर काढून खऱ्या गाडीच्या खिडक्यांत रुमाल फेकायला त्यांनी सुरुवात केली ती माझ्या गाडीत बसूनच. म्हातारी सगळ्यांत शेवटी उतरली. उतरताना तिने दोरी दोनदा ओढली. टण टण.

"चहा टाक," वन्सं मला म्हणाल्या. "आणि त्या चादरी काढ गं, शोभत नाहीत."

मी स्टोव्ह पेटवला. चहा उकळतोय तोवर टप, टप असा आवाज यायला लागला. शेवटच्या बाकावर, नेमकं खिडकीपाशी, छताचा सांधा गळत होता. थेंब सरळ वन्संच्या भांगात.

"वन्सं, इकडे कोरड्यात या," मी म्हटलं. "अख्खी बस मोकळी आहे."

"मी इथे रुमाल टाकलाय," वन्सं म्हणाल्या, आणि विक्रीच्या कागदांची ती फाईल डोक्यावर धरून त्यांनी सगळा चहा तिथेच बसून प्यायला.

बस अजून लालच आहे. दाराला कुलूप आम्ही लावत नाही, शेकोटी पुन्हा केली नाही, आणि झालरी पहिल्या पावसाळ्यातच बुरसल्या होत्या, त्यांची आता पायपुसणी आहेत. ह्यांनी तो सांधा चार वेळा बुजवला. दर श्रावणात तो गळतोच. वन्सं येतात, छत्री उघडतात आणि त्याच बाकावर बसतात. मी एकदा त्या यायच्या आत हळूच तिथे जाऊन बसले होते, विहीर कशी दिसते ते बघायला. वाडीच्या म्हातारीने मला उठवलं.